पस्तीस तास की चाळीस? न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या घराची सोडत

आधी त्या तळघराबद्दल सांगते, कारण भाड्याच्या घरांच्या सोडतीला अर्ज करायची वेळ आली ती त्याच्यामुळे.

२०१८ साली आम्ही तिघं न्यूयॉर्कला आलो. मी, हे आणि सात वर्षांची मुलगी. ताईने पंधरा वर्षांपूर्वी भावंडांसाठी लावलेल्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा नंबर तेव्हा कुठे लागला होता. क्वीन्समधल्या एल्महर्स्टला एका तीन मजली घराच्या तळघरात खोली मिळाली. महिना चौदाशे डॉलर, रोख. करार नाही, पावती नाही. खिडकी म्हणजे छताजवळची वीतभर पट्टी, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेली मी, मला जागा लहान असल्याचं काही वाटलं नाही. पण चाळीत दार उघडलं की गॅलरी आणि गॅलरीत माणसं असायची. इथे दार उघडलं की बॉयलर.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस आला. सेंट्रल पार्कमध्ये तासाभरात तीन इंचांहून जास्त पडला असं दुसऱ्या दिवशी कळलं. मी २६ जुलै २००५ पाहिलेला आहे, परळपासून दादरपर्यंत छातीभर पाण्यातून चालत गेलेली आहे, त्यामुळे सुरुवातीला मला त्या पावसाचं काही वाटलं नाही. मग संडासातून पाणी वर यायला लागलं. बाहेरच्या पायऱ्यांवरून दुसरं पाणी आलं आणि दाराला भिडलं. दार बाहेर उघडणारं होतं. ह्यांनी खांदा लावला तरी ते हलेना. बाहेर पाण्याचा भार होता. शेवटी वरच्या घरमालकाने बॉयलरच्या खोलीतून वर जाणारा आतला दरवाजा उघडला, त्यातून आम्ही मुलीला घेऊन वर गेलो. त्या रात्री शहरात तळघरांत राहणारी अकरा माणसं बुडून गेली. त्यातली बरीच आमच्याच क्वीन्समधली, आमच्यासारखीच बाहेरून आलेली.

आमचं सामान गेलं त्याचं दुःख केलं नाही. पण एक प्लॅस्टिकची पिशवी मी आधीच उंच फळीवर ठेवली होती, ती वाचली. त्यात ग्रीन कार्डं, पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला होता. कागद उंचावर ठेवायची सवय मला बाबांनी लावली. बाबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही. पण त्यांचं लीव्ह कार्ड, तिकीट नंबर, फंडाच्या स्लिपा हे सगळं पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या शालूखाली, आजही आहे. २०१२ साली गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत निघाली तेव्हा अर्ज जवळपास दीड लाख होते. बाबांचा त्यात होता. नाव लागलं नाही. नंतरच्या सोडतींतही नाही. ते आता कणकवलीजवळ गावी राहतात आणि अजून विचारतात, पुढची यादी कधी.

म्हणून सोडत म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. इथेही घरांची सोडत असते हे मात्र मला वादळानंतर एल्महर्स्टच्या लायब्ररीत कळलं.

मुंबईत म्हाडाची सोडत असते ती विकत घ्यायच्या घरांची. अनामत रक्कम भरायची, नंबर लागला तर कर्ज काढायचं. न्यूयॉर्कची ही सोडत भाड्याच्या घरांची आहे. शहरात नवी इमारत बांधताना बिल्डरला करात सवलत, स्वस्त कर्ज किंवा जास्त मजले मिळतात, त्या बदल्यात काही घरं ठरावीक उत्पन्नाच्या लोकांना ठरावीक भाड्याने द्यावी लागतात. ही घरं महापालिकेच्या हाउसिंग कनेक्ट नावाच्या संकेतस्थळावर जाहीर होतात. अर्ज फुकट. कोणी अर्जासाठी पैसे मागितले तर तो फसवतोय असं समजायचं. आमच्याच ओळखीतल्या एकाने ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दोनशे डॉलर दिले होते. तो फॉर्म घरबसल्या अर्ध्या तासात भरून होतो.

लायब्ररीत दर पंधरवड्याला एका संस्थेची बाई येऊन बसायची. अशा संस्थांना शहराने या कामासाठी नेमलेलं असतं, त्यांना हाउसिंग अँबॅसेडर म्हणतात आणि त्यांची मदत फुकट असते. आमच्या वाट्याला आलेली बाई बांगलादेशची होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला आपा म्हणायला लागले. आपाने पहिल्याच दिवशी माझा अर्ज बघून एक चूक पकडली. उत्पन्नाच्या रकान्यात मी हातात पडणारा पगार लिहिला होता. तिथे कर कापायच्या आधीचा, पूर्ण पगार लिहायचा असतो. या एका चुकीने कितीतरी लोक बाद होतात, असं ती म्हणाली.

दुसरं तिने समजावलं ते उत्पन्नाचं गणित. प्रत्येक घराला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा असतात. सगळं मोजलं जातं ते परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या टक्क्यात. २०२४ साली तीन माणसांच्या कुटुंबासाठी शंभर टक्के म्हणजे १,३९,८०० डॉलर होते. त्याच्या पन्नास टक्क्यांचं घर असेल तर वरची मर्यादा ६९,९००. खालची मर्यादा भाड्यावरून ठरते, म्हणजे भाडं भरता येईल इतकं तरी कमवायला हवं. या दोन रेघांच्या मध्ये तुम्ही बसलात तर पुढे.

अर्ज पहिल्या दिवशी करा की शेवटच्या, फरक पडत नाही. मुदत संपली की संगणक सगळ्या अर्जांना पत्ते पिसल्यासारखा नंबर देतो, त्याला लॉग नंबर म्हणतात. एका इमारतीला एका घरचे दोन अर्ज गेले तर दोन्ही बाद होऊ शकतात. माझ्या एका मैत्रिणीने स्वतःचा आणि नवऱ्याचा असे वेगळे अर्ज केले होते, दुप्पट संधी म्हणून. तिच्या हाती काही लागलं नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरपासून मी दर रविवारी, मुलगी अभ्यासाला बसली की, नव्या जाहिराती बघायची. तीन वर्षांत साठाच्या वर इमारतींना अर्ज केले. लॉग नंबर यायचे ४८ हजार, ३१ हजार, ६२ हजार. घरं असायची चाळीस, सत्तर, फार तर दीडशे. असा नंबर आला की तो मनातून काढून टाकायचा आणि पुढचा अर्ज करायचा. ‘नुसतं नशीब आहे, कशाला भरतेस?’ असं मला बरेच जण म्हणाले. नंबर नशिबाने लागतो हे खरंच आहे. पण नंबर लागल्यावर घर मिळत नाही, कागदांची तपासणी सुरू होते, आणि माझ्या अनुभवाने निम्म्याहून जास्त माणसं तिथे गळतात. नशीब उघडलेलं असताना गळतात. म्हणून मला हे लिहावंसं वाटलं.

आमचंच बघा. पहिला नंबर २०२२ च्या उन्हाळ्यात लागला, ब्राँक्समधल्या एका इमारतीचा. मी तेव्हा एका एजन्सीतर्फे होम अटेंडंट म्हणून काम करत होते, अजूनही करते. म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांचं अंघोळ-पांघरूण, जेवण, औषधं बघायची. माझा पगार चेकने, पूर्ण हिशेबात. हे मात्र एका किराणा दुकानात होते आणि त्यांचा पगार अर्धा चेकने, अर्धा पाकिटात. आम्हाला वाटायचं बरं आहे, कर वाचतो. कागद दाखवायची वेळ आली तेव्हा आमचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न भरलं ३९ हजार. घराची खालची मर्यादा त्याहून बरीच वर. आम्ही खरं तर त्या मर्यादेच्या वर कमवत होतो, पण पाकिटातल्या पैशाला पुरावा नाही. उत्पन्न कमी म्हणून अर्ज नामंजूर.

त्या रात्री आमच्यात भांडण झालं. ‘तू कशाला एवढं खरंखोटं करतेस, रोख लिहून टाकायचं होतं’ असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, लिहिलं तरी दाखवणार काय? पंधरा दिवसांनी ह्यांनी दुकानदाराला सांगितलं की सगळा पगार चेकने द्या. तो तयार होईना. मग हे जॅक्सन हाइट्सच्या दुसऱ्या दुकानात लागले, तिथे सगळं पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर येतं. दर महिन्याला हातात पडणारे पैसे कमी झाले. तो काळ जड गेला, पण तो निर्णय घेतला नसता तर आज मी हे लिहीत बसले नसते.

दुसरा नंबर २०२३ मध्ये लागला होता. ईमेल आलेला मला वेळेत दिसलाच नाही, जाहिरातींच्या ढिगात जाऊन बसला होता. उत्तराची मुदत दहा कामाचे दिवस होती. मी बघितला तेव्हा अकरावा होता. त्यानंतर मी फोनवर रोज सकाळी चहाच्या आधी ते खातं उघडायची सवय लावली.

तिसरा नंबर जमैकाचा. हे क्वीन्समधलंच जमैका, जिथे मेट्रोची ई लाइन संपते. २०२४ च्या उन्हाळ्यात अर्ज केला आणि लॉग नंबर आला ६८४. मी तो आकडा मुलीला मोठ्याने वाचून दाखवायला लावला. हजार शब्द कुठे राहून तर गेला नाही ना, म्हणून. पूर्वी अशा इमारतींत निम्मी घरं त्याच भागातल्या रहिवाशांना राखीव असत. २०२४ च्या जानेवारीत एका जुन्या दाव्यात तडजोड झाली आणि तो वाटा वीस टक्क्यांवर आला. आम्ही जमैकाचे नव्हतो, एल्महर्स्टचे होतो, तेव्हा त्या बदलाचा आम्हाला उपयोग झाला असणार असं आपाचं मत. ज्या भागात माणूस आयुष्यभर राहिला तिथेच त्याला घर मिळावं, हेही मला पटतं. लालबागकरांना लालबागमध्ये घर मिळावं म्हणून माझे बाबा मोर्च्यात गेले आहेत. पण आमच्यासारख्याला जिथे तळघर मिळालं तोच आपला भाग, एवढंच नशिबात असतं.

नोव्हेंबरात कागद मागितले. यादी अशी: तिघांचे ओळखपत्र आणि जन्मदाखले, दोघांचे लागोपाठचे सहा पे-स्टब, डब्ल्यू-टू म्हणजे मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला, केंद्र आणि राज्य दोन्हीची कर विवरणपत्रं, बँकेची स्टेटमेंटं, मुलीच्या शाळेचं पत्र, सध्याच्या घराचा करार आणि भाडं भरल्याचा वर्षभराचा पुरावा. हा शेवटचा कागद फार महत्त्वाचा. आमच्यासारख्यांची क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज आणि कार्डाची बिलं फेडल्याची नोंद, बेताची असते. पण बारा महिने वेळेवर भाडं भरल्याचं दाखवलं तर क्रेडिट तपासणीच्या ऐवजी ते चालतं. वादळानंतर आम्ही त्याच भागात दुसऱ्या मजल्यावर एक बेडरूमचं घर घेतलं होतं आणि पहिल्या महिन्यापासून मी भाडं चेकनेच दिलं. तळघरातली तीन वर्षं आम्ही एकदाही भाडं चुकवलं नाही, पण त्या तीन वर्षांचा शहराच्या लेखी मागमूस नाही.

नावांचा गोंधळ आपल्याकडच्या प्रत्येकाला भोगावा लागतो, आम्हालाही लागला. बँकेत माझं नाव आहे ते माझं, मधे ह्यांचं, मग आडनाव. पे-स्टबवर मधलं नाव नाही. पासपोर्टवर दोन्ही नावं एकाच रकान्यात जोडून आली आहेत. माझ्या जन्मदाखल्यावर तर माहेरचं. कागद तपासणाऱ्या ऑफिसातल्या तरुण मुलीला मी समजावलं की आमच्यात मधलं नाव आधी वडिलांचं असतं, लग्नानंतर नवऱ्याचं होतं. ती म्हणाली, मग तुमचं स्वतःचं मधलं नाव कुठे गेलं? ते नव्हतंच कधी, मी म्हटलं. ही चारही नावं एकाच बाईची आहेत असं लिहून, नोटरीसमोर सही करून दिलं.

बँक स्टेटमेंटमध्ये ताईने पाठवलेले तीनशे डॉलर तीन वेळा दिसत होते. ते कशाचे, म्हणून विचारलं. नियमित मिळणारी मदत उत्पन्नात धरतात. ते आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताईने माझ्याकडे दिलेले होते, मी पुढे गावी पाठवले होते. पाठवल्याच्या पावत्या जोडल्या, ताईकडून दोन ओळींचं पत्र घेतलं. ते निभावलं.

आणि ९ डिसेंबरला पत्र आलं. नामंजूर. उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त.

मी ते पत्र कामावर, ज्या आजींचं मी बघते त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं. त्यांचं सूप गॅसवर होतं. आमचं उत्पन्न धरलं होतं ७१,८६४ डॉलर. मर्यादा ६९,९००. १,९६४ डॉलर जास्त. दोन वर्षांपूर्वी कमी म्हणून नाही, आता जास्त म्हणून नाही, आणि या दोन्हीच्या मधल्या काळात आमच्या ताटातलं काही बदललेलं नव्हतं.

घरी येऊन मी, हे आणि मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसलो. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिने माझे सहा पे-स्टब ओळीने मांडले. माझे तास आठवड्याला पस्तीस असतात. दर तासाला १८ डॉलर ५५ सेंट. म्हणजे आठवड्याला ६४९ डॉलर २५ सेंट, वर्षाचे ३३,७६१. ह्यांचे चाळीस तास, १६ डॉलरने, वर्षाचे ३३,२८०. बेरीज ६७,०४१. मर्यादेच्या आत. मग ७१ हजार कुठून आले?

मुलीने बोट ठेवलं. सहाच्या सहा स्टबवर तास चाळीस होते. आमच्या एजन्सीतली एक बाई ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि तिच्या म्हाताऱ्या रुग्णाचे आठवड्याचे पाच तास सहा आठवडे माझ्याकडे होते. नेमके तेच सहा आठवडे कागदात गेले. तपासणाऱ्याने चाळीस तास हाच माझा नेहमीचा आठवडा धरला आणि बावन्नने गुणलं. चाळीस तासांचे ७४२, गुणिले ५२, म्हणजे ३८,५८४. त्यात ह्यांचे मिळवले की बरोबर ७१,८६४.

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. त्याच्यासमोर जे होतं त्यावरून त्याने केलं. पण ती सहा आठवड्यांची कमाई आम्ही मुलीच्या हिवाळी बुटांना आणि गावच्या तिकिटासाठी बाजूला टाकलेली, आणि तिच्यामुळे घर हातचं जात होतं. मला रडू आलं ते मी लपवत नाही.

अपिलाला दहा कामाचे दिवस. नाताळ तोंडावर आलेला. दुसऱ्या दिवशी काम संपवून मी एजन्सीच्या ऑफिसात गेले आणि पत्र मागितलं. तिथल्या कर्मचाऱ्याने दहा मिनिटांत छापून दिलं. त्यात लिहिलं होतं, ‘कर्मचाऱ्याचे तास गरजेनुसार बदलतात.’ मी खूश होऊन आपाला दाखवायला गेले. तिने वाचलं आणि म्हणाली, हे पत्र देऊ नकोस, याने तुझा तोटा होईल. तास बदलतात म्हणजे उद्या पंचेचाळीसही होऊ शकतात, असा अर्थ निघतो. पत्रात तीन गोष्टी हव्यात. नेहमीचे तास किती, जादा तास कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कशामुळे, आणि पुढे ते मिळणार नाहीत.

परत गेले. कर्मचारी म्हणाली, पुढे मिळणार नाहीत असं आम्ही कसं लिहून देणार? तिचंही बरोबर. मी दीड तास तिथे बसले. शेवटी तिच्या वरिष्ठांनी येऊन विचारलं की तुम्हाला नेमकं काय हवं आहे. मी आपाने लिहून दिलेला कागद पुढे केला. त्यांनी वाक्य असं केलं: ‘हे जादा तास रजेवरील कर्मचाऱ्याच्या बदली म्हणून होते. ती व्यवस्था १५ नोव्हेंबर रोजी संपली आहे.’ संपली आहे म्हणायला त्यांची हरकत नव्हती, कारण ती खरोखर संपली होती. खाली सही, शिक्का, तारीख.

पण ज्याने आम्हाला खरा हात दिला तो आकडा आमच्याच कागदावर होता, आणि तो मुलीने शोधला. पे-स्टबच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण कमाई छापलेली असते. मी इतकी वर्षं त्या कोपऱ्याकडे कधी बघितलं नव्हतं. शेवटच्या स्टबवर तो आकडा होता ३०,४२२, सेहेचाळीस आठवड्यांचा. चाळीस आठवडे पस्तीस तासांचे, सहा आठवडे चाळीस तासांचे, एकूण १,६४० तास. सेहेचाळीसने भागून बावन्नने गुणलं की येतात ३४,३९०. त्यात ह्यांचे ३३,२८०. एकूण ६७,६७०. म्हणजे ते जादा तास धरूनसुद्धा आम्ही मर्यादेच्या आत.

मग मुलीला दुसरी शंका आली. जानेवारीपासून दोघांचे दर वाढणार होते. माझा १९ डॉलर १० सेंट, ह्यांचा साडेसोळा. तेही तिने मांडलं: ६९,०८२. मर्यादेपेक्षा ८१८ डॉलर कमी. ‘आई, अजून बसतो,’ ती म्हणाली. माझ्या पोरीला घराच्या भाड्याचं गणित इतक्या लवकर यावं असं मला वाटत नव्हतं, पण त्या रात्री तिचा आधार मोठा होता.

अपील एका पानाचं लिहिलं. रागाची किंवा विनवणीची भाषा नाही, ते आपाने बजावलं होतं. वर तीन आकडे, खाली प्रत्येक आकडा कुठल्या कागदावर आहे ते. सोबत एजन्सीचं पत्र, सगळे सेहेचाळीस आठवड्यांचे पे-स्टब आणि आधीच्या वर्षाचा डब्ल्यू-टू. सातव्या दिवशी अपलोड केलं आणि अपलोड झाल्याच्या पानाचा फोटो काढून ठेवला. अपील फेटाळलं असतं तर पुढे शहराच्या गृहनिर्माण खात्याकडे तक्रार करता येते, पण त्याला जेमतेम पाच कामाचे दिवस असतात. तोही अर्ज मी लिहून तयार ठेवला होता.

नाताळ गेला, नवं वर्ष आलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तिळगुळाचा पाक करत होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. पाक पुढे जाईल म्हणून मी उचलणार नव्हते. उचलला. अपील मान्य. घर बघायला कधी येता?

पाक पुढे गेलाच. लाडू दगडासारखे झाले, तेच वाटले.

१ मार्च २०२५ पासून आम्ही जमैकात आहोत. सातवा मजला, दोन बेडरूम, भाडं १,६२० डॉलर. आधीच्या एका बेडरूमला आम्ही २,०५० देत होतो आणि त्यातले दोनशे घरमालकाने एका पत्राने वाढवले होते. ह्यांना कामावर जायला सटफिन बुलेव्हार्डवरून ई पकडली की थेट रूझवेल्ट अव्हेन्यू. मुलीला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. पहिला आठवडा ती तिथे झोपलीच नाही, आमच्याच खोलीत गादी घालून झोपायची.

बाबांना व्हिडिओवर घर दाखवलं. त्यांनी खिडकीतून काय दिसतं ते विचारलं नाही, विचारलं, घर नावावर झालं का? मी सांगितलं, बाबा, भाड्याचं आहे. ते गप्प झाले. मग मी सांगितलं की चाळीतल्या खोलीला जसा कायद्याचा आधार होता, मालक वाटेल तेव्हा काढू शकत नव्हता, तसंच आहे. भाडं किती वाढवायचं ते मालक ठरवत नाही, शहराचं एक मंडळ दरवर्षी ठरवतं. करार संपला की नवा द्यावाच लागतो. उद्या माझा पगार वाढला म्हणून कोणी उठवणार नाही. ‘मग ठीक आहे,’ बाबा म्हणाले. ‘लालबागची खोली पण भाड्याचीच होती. पंचेचाळीस वर्षं काढली तिथे.’

ओळखीतली माणसं आता मला विचारायला येतात. मी त्यांना लॉग नंबरचं काही सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पगार चेकने घ्या म्हणते. भाडं चेकने द्या, नाहीतर मनीऑर्डरने द्या आणि तिचा तुकडा जपा. जादा तास घेऊ नका असं मी कोणाला सांगणार नाही, तो तुमचा घामाचा पैसा आहे. फक्त ते का मिळाले, कधी थांबले, हे त्याच आठवड्यात एजन्सीकडून लिहून घ्या, सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही. आणि नामंजुरीचं पत्र आलं तर ते शेवटचं समजू नका. आमच्या जुन्या गल्लीतल्या दोन घरांनी ते पत्र आलं तसं फाडून टाकलं होतं. त्यातल्या एकाचं गणित मी नंतर बघितलं, ते अपिलात टिकलं असतं असं मला अजून वाटतं.

पहिला करार संपत आला तेव्हा नूतनीकरणाचा फॉर्म आला. त्यात दोन चौकोन असतात. एक वर्षाचा करार घेतला तर तेव्हा तीन टक्के वाढ होती, दोन वर्षांचा घेतला तर साडेचार. म्हणजे एक वर्षासाठी ४८ डॉलर ६० सेंट किंवा दोन वर्षांसाठी ७२ डॉलर ९० सेंट. कुठला घ्यायचा ते आम्ही ठरवायचं. अमेरिकेत आल्यापासून घराच्या बाबतीत पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला विचारत होतं. मी दोन वर्षांच्या चौकोनात खूण केली. ह्यांनी सही केली, मग मी केली, चारपैकी बँकेतल्या नावाने. मुलीने दोन्ही पानांचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन तो सर्टिफाइड मेलने पाठवला.